पात्यावरचा मासा

कळंब्याच्या रस्त्यावर, आमच्या कॉलनीच्या तोंडाला परवा एक फ्लेक्स लागला. प्रथम पुण्यस्मरण. फोटोतला माणूस गोरापान, गालावर सुरकुती नाही, कपाळाला आठी नाही, ओठांवर मंद हसू. खाली रंगराव चौगुले हे नाव नसतं तर कुणी दुसराच गृहस्थ असेल म्हणून मी पुढे गेलो असतो. चौगुले साहेब काळेसावळे होते. कपाळावर कायम आठ्या आणि उजव्या गालावर देवीचे वण. मंद हसणं तर त्यांना जमतच नसे. हसले तर गडगडाटी, नाहीतर नाहीच. फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर सगळं पुसून काढलं होतं आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारणार नव्हतं, कारण फोटो ‘क्लीन’ करून घ्या असं घरच्यांनीच सांगितलं असणार. मला राग आला. या वयात रागावून रक्तदाबाखेरीज काही वाढत नाही, तरी आला. म्हणून साहेब होते तसे लिहून ठेवतो आहे.

पाटबंधारे खात्यात ते आमचे ओव्हरसीअर आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. पुढे दोघांनी एकाच कॉलनीत प्लॉट घेतले, त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांची कटकट माझ्या नशिबी राहिली. कटकट हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. साहेब तापट होते, हट्टी होते आणि तोंडाने फाटके होते. मोजणीत चूक झाली की चारचौघांत माणसाची सालटं काढायचे आणि दुपारी त्यालाच आपल्या डब्यातली भाकरी खायला लावायचे. ‘माझं चुकलं’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून नोकरीत कधी ऐकले नाहीत. अशा या माणसाच्या खिशात धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचा एक मऊ तुकडा असायचा आणि त्यात गुंडाळलेला एखादा जुना घडीचा चाकू.

घडीचा चाकू म्हणजे पातं मुठीत मिटणारा, खिशात मावणारा. आमच्या जिल्ह्यात पूर्वी शेतकऱ्याच्या बंडीच्या खिशात असा चाकू असायचाच. ऊस सोलायला, दोरी कापायला, पायातला काटा काढायला. साहेब ते गोळा करत. म्हशीच्या शिंगाच्या मुठीचे होते, पितळी मुठीचे होते, बोरू तासायचे इवलेसे होते, कलमं करायचे वाकड्या पात्याचे होते. एका विलायती चाकूत तर घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढायचा आकडाही होता. एकूण किती होते ते मला सांगता येणार नाही. मोजण्याइतका वेळ त्यांनी कुणाला चाकूंजवळ बसू दिलं नाही.

चाकू बघायचा तर आधी हात धुवायचे, मग पुसायचे, मग तळवे दाखवायचे. माझे तळवे बघून ते नेहमी तोंड वाकडं करत. “तुझा घाम लई खारट हाय जाधवा. तुझ्या टेबलावरच्या टाचण्याबी गंजत्यात.” मग स्वतः चाकू कानाजवळ धरून उघडायचे. खटका पडला की डोळे मिटून घ्यायचे. “ह्यो बोलतोय बघ,” म्हणायचे, नाहीतर, “ह्याचा घसा बसलाय.” जुन्या पात्यावर काळपट निळी झाक चढलेली असते, तिला ते ‘वय’ म्हणत. ज्या पात्याला वय नाही ते त्यांच्या लेखी पत्र्याचा तुकडा. गंज वेगळा आणि वय वेगळं, हे ते तासतासभर समजावून सांगत. गंज पातं खातो आणि वय ते राखतं, एवढंच माझ्या लक्षात राहिलं आहे.

आमची बदली गगनबावड्याला झाली तेव्हाची गोष्ट. तिथल्या पावसात भिंतीला हात लावला तरी ओला होतो. कार्यालयातल्या फायलींवर बुरशी धरली, कपाटांची दारं गंजून उघडेनात, पण साहेबांना घोर लागला तो चाकूंचा. त्यांनी घरातला तांदळाचा मोठा डबा घेतला आणि सगळे चाकू तांदळात पुरले, तांदूळ ओल ओढून घेतो म्हणून. वहिनींना हे सांगायचं राहून गेलं. एकदा मी आणि खात्यातले दोघे जेवायला गेलो असताना वहिनींनी सूप भरून तांदूळ काढला आणि त्यात खळकन् शिंगाच्या मुठीचा चाकू पडला. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भावजी, तुमचं साहेब तांदूळ साठवत्यात का चाकू पेरत्यात, इचारा की एकदा.” साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “त्यो तांदूळ तसाच ठेव. खायाला दुसरा आण.” त्या पावसाळ्यात चौगुल्यांच्या घरात चाकूंचा तांदूळ कोरडा राहिला आणि माणसांचा पिशवीत भिजला.

चाकू मिळवण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. बाजारातून स्टीलचे चकचकीत नवे चाकू आणून ते जीपमध्ये पिशवीत ठेवत. कालव्याच्या पाहणीला गेल्यावर एखाद्या म्हाताऱ्याच्या हातात जुना चाकू दिसला की जीप थांबायची. “ह्यो घ्या पावणं, नवाकोरा. त्यो काळाकुट्ट द्या मला.” माणूस आधी संशयाने बघायचा, मग नवा चाकू उन्हात फिरवून बघायचा आणि खूश होऊन जुना देऊन टाकायचा. जीप हलली की मागे सगळे हसत. खुळा साहेब आलाय म्हणून आसपासच्या गावांत बातमी व्हायची. साहेबांना ते ठाऊक होतं. लोकांना वाटायचं आपण साहेबाला फसवलं आणि साहेबांना वाटायचं आपण लोकांना. दोन्ही बाजू समाधानी असल्यामुळे हा व्यवहार वर्षानुवर्षं चालला.

एकदा मात्र मला ते बघवलं नाही. हातकणंगले तालुक्यातल्या एका गावी कालव्यावरचा जुना मुकादम वारला. त्याच्याकडचा चाकू साहेबांनी त्याच्या हयातीत कितीदा तरी मागितला होता आणि प्रत्येक वेळी त्याने हसून कमरेला खोचला होता. त्याच्या दहाव्याला आम्ही गेलो. नदीवरचं उरकून घरी आल्यावर साहेब त्याच्या बायकोपुढे बसले, चार शब्द बरे बोलले आणि मग त्यांनी पिशवीतून नवा चाकू काढला. मी जमिनीकडे बघत बसलो.  बाई उठून आत गेल्या आणि तो जुना चाकू आणून त्यांनी साहेबांपुढे ठेवला. “त्यांच्या उशाला असायचा,” म्हणाल्या. “घेऊन जावा. नव्यानं कांदं तरी चिरत्याल पोरं.”

जीप वेशीबाहेर जाते न जाते तोच साहेबांनी चाकू उघडला आणि ड्रायव्हरला थांबायला लावलं. पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, एक बारीकसा ठसा होता. नखावर मावेल एवढा मासा. “जाधवा, मासा,” एवढंच म्हणाले.  मी म्हणालो, “साहेब, त्या बाईच्या डोळ्याला पाणी होतं.” तर म्हणतात, “व्हय, होतं. आणि चार वर्सांनी तिच्याच पोरानं ह्यो भंगारात घातला असता. तवा कुणाच्या डोळ्याला पाणी आलं असतं, सांग.” हे उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

त्या माशाचं थोडं सांगायला हवं. शिरोळकडे नदीकाठच्या कुठल्यातरी गावात फार पूर्वी एक लोहार होऊन गेला असावा. असावा म्हणायचं, कारण त्याचं नाव, गाव, जात, काहीच कुणाला माहीत नाही. आपण घडवलेल्या पात्यावर तो छिन्नीने एक मासा काढायचा. हाताने काढलेला, त्यामुळे एक मासा दुसऱ्यासारखा नसे. एकाची शेपटी वर, एक जरा पोटात सुटलेला. साहेबांना असे काही चाकू सापडले होते आणि ते त्यांनी वेगळ्या फडक्यात बांधून ठेवले होते. त्या लोहाराला ते ‘मासेवाला’ म्हणत, जणू काही शेजारीच राहतो. जयसिंगपूरच्या बाजाराच्या दिवशी जुन्या लोखंडाची दुकानं धुंडाळत फिरत, म्हाताऱ्या माणसांना थांबवून विचारत. कुणालाच काही सांगता आलं नाही. “लिवाय येत नसंल त्येला,” साहेब म्हणायचे. “पर आपलं काम वळखू यावं असं त्येलाबी वाटलं असंलच की. जगात त्येचं आता एवढंच हाय.” त्यांच्या त्या खरखरीत तोंडातून असं मऊ बोलणं फक्त मासेवाल्याबद्दल निघायचं. घरच्यांच्या वाट्याला ते आलं नाही.

खंडेनवमीला घरोघर अवजारांची पूजा होते. त्या दिवशी साहेब दिवाणखान्यात सतरंजी अंथरून सगळे चाकू मांडत. कुंकवाचं बोट मात्र पात्याला लावू द्यायचे नाहीत. कुंकू ओलं असतं आणि ओल लागली की गंज धरतो. वहिनींनी डब्याच्या झाकणाला कुंकू लावायचं आणि तिथेच फूल वाहायचं, असा देवाशी तह झाला होता. कॉलनीतली माणसं यायची, हात मागे बांधून बघायची, वा वा करायची आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारायची की या गंजलेल्या लोखंडात बघण्यासारखं आहे काय.

अशाच एका खंडेनवमीला त्यांच्या मुलाने, प्रकाशने, सतरंजीवरचा एक माशाचा चाकू उचलला आणि त्याने पेरू कापला. दहा-अकरा वर्षांचा असेल. मोठ्या ऐटीत त्याने अर्धा पेरू वडिलांपुढे धरला. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली अशी दिली की पेरू सतरंजीवर गडगडत गेला. पोरगं रडलंसुद्धा नाही. उठून मागच्या दाराने निघून गेलं. साहेबांनी आधी पातं पुसलं. त्या दिवसापासून प्रकाश खंडेनवमीला घरात थांबेनासा झाला आणि चाकू या विषयाला त्याच्या तोंडी एकच शब्द राहिला, भंगार.

प्रकाश वाईट मुलगा नव्हे, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी त्याला नावं ठेवील. शिकला बेताचा, पण कष्टाने टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं शोरूम काढलं. चकाकी हा त्याचा धंदाच आहे. घर पाडून नवं बांधलं, बायको समजूतदार मिळाली, वहिनी गेल्यावर दोघांनी साहेबांचं खाणंपिणं, औषधपाणी काही कमी पडू दिलं नाही. तरी बापलेकांत बोलणं असं नव्हतंच. वहिनी होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या गेल्या आणि घरात टीव्हीचा आवाज तेवढा उरला.

तेव्हापासून साहेबांना एकच काळजी लागली, आपल्यामागे चाकूंचं काय. कुठल्या संस्थेला द्या म्हटलं की चिडायचे. त्यांना ते प्रकाशला द्यायचे होते. नुसते द्यायचे नव्हते, त्याने ते घ्यावेत असं हवं होतं. एकदा माझ्यासमोर त्यांनी त्याला हाक मारून जवळ बसवलं आणि फडकं सोडायला घेतलं. प्रकाश घड्याळ बघून म्हणाला, “आबा, मला काय कळतंय त्यातलं. तुमचं तुम्ही बघा की.” तो टोमणा नव्हता. खरोखरच त्याला काही कळत नव्हतं. त्याला कधी कळू दिलेलंच नव्हतं. साहेबांनी फडकं परत बांधलं.

मग डोळे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेले आणि साहेब अंगठ्याने चाकू वाचायला लागले. पातं उघडून बुडाशी अंगठा फिरवायचे, मासा लागला की थांबायचे, शेपटी कुठल्या बाजूला आहे ते सांगायचे. ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर येत. मुलगी सुनंदा जयसिंगपुराहून येऊन रडून गेली, काही उपयोग झाला नाही. शेवटी मी सहज म्हणून गेलो, “साहेब, ऑपरेशन केलं तर मासा परत दिसेल तुम्हाला.”  दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत माझ्या फाटकाशी आले. “कुठल्या डॉक्टराकडं जायाचं म्हणालास?”

आधी उजव्या डोळ्याचं करायचं ठरलं, डाव्याचं महिन्याभराने. दसऱ्याच्या आधी उजव्याचं झालं. घरात रंगकाम काढलंय, धूळ उडतेय असं सांगून प्रकाशने त्यांना विश्रांतीसाठी सुनंदाकडे जयसिंगपूरला ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा साहेब काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते आणि इतके खुशीत होते की मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. प्रकाशचा फोन आला होता. यंदा खंडेनवमीला चाकू मी मांडून ठेवतो, तुम्ही फक्त या, असं तो म्हणाला होता. “मी मांडतो म्हणाला,” साहेब मला सांगत राहिले. “मी सांगितलं न्हवतं. आपल्या आपण म्हणाला.” चहा येईपर्यंत त्यांनी ते तीनदा सांगितलं आणि सुनंदाने चहा ठेवल्यावर तिलाही सांगितलं, जणू तिने ते ऐकलंच नव्हतं.

खंडेनवमीला मी जरा आधीच पोचलो. दिवाणखान्यात सतरंजी नव्हती. भिंतभर काचेचं कपाट, आत लाल मखमल, वर एलईडीचे दिवे, आणि त्या दिव्यांखाली सगळे चाकू उघडून ओळीने लावलेले. चकचकीत. पांढरेशुभ्र. मी काचेला नाक लावून खालच्या ओळीत मासा शोधला. पात्याच्या बुडाशी मला माझंच नाक दिसलं. दुसरा बघितला, तिसरा बघितला. कुठेच काही नव्हतं.

“कसं वाटतंय काका?” प्रकाश मागे येऊन उभा होता. चेहरा नुसता फुलला होता. “हुपरीला माझा दोस्त हाय, चांदीच्या दागिन्यांचं पॉलिश करतो. स्वतः मशीनवर बसून केलं त्यानं सगळं. गंज लई खोल गेलता, आधी घासून काढाय लागला, मग बफिंग. मुठींना वॉर्निश मारलं. आबांना सांगू नका, सरप्राइज हाय.” मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार. जे घासून गेलं ते माझ्या बोलण्याने परत उमटणार नव्हतं.

माणसं जमली. कॉलनीतली जमली, प्रकाशचे व्यापारी मित्र जमले. इतकी वर्षं तोंडदेखलं वा वा करणारी मंडळी आता मनापासून वाखाणत होती. “आता कसं, बघावंसं वाटतंय की.” “आधी काय, भंगारवाल्याची पाटी वाटायची.” एकाने तर फोटो काढून लगेच पाठवलासुद्धा. तेवढ्यात सुनंदाची गाडी आली आणि साहेब आत आले. प्रकाशने त्यांना हाताला धरून कपाटासमोर उभं केलं आणि म्हणाला, “आबा, चष्मा काढा.”

साहेबांनी काळा चष्मा काढला. बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “डॉक्टरानं डोळा लई स्वच्छ केलाय की रं.”

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मला तिथून निघून जावंसं वाटलं. साहेबांनी हात पुढे केला, प्रकाशने काच सरकवली. त्यांनी खालच्या ओळीतला, तोच मुकादमाचा चाकू उचलला आणि सवयीने अंगठा पात्याच्या बुडाशी नेला. अंगठा फिरला, थांबला, परत फिरला. त्यांनी पातं नव्या डोळ्याजवळ नेलं, दिव्याकडे तिरकं धरलं. तो चाकू ठेवून दुसरा घेतला. त्यावरही अंगठा फिरवला. तिसऱ्याला त्यांनी बोटाचं नुसतं टोक लावलं आणि हात मागे घेतला.

“कुणी धुतली ही पाती?” त्यांनी विचारलं.

प्रकाशने हुपरीचं सगळं सांगितलं, मशीन, घासणं, वॉर्निश.  इतक्या वर्षांत बापासमोर तो एवढं सलग पहिल्यांदाच बोलत असावा. साहेबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता कानाखाली बसणार. साहेब म्हणाले, “बरं केलंस.”

प्रकाश वाकून पाया पडला. साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि खुर्ची मागितली. नंतर जिलेब्या वाढताना प्रकाश माझ्यापाशी थांबला. डोळे भरून आले होते त्याचे. “काका,” म्हणाला, “आबांनी जन्मात पहिल्यांदा मला बरं केलंस म्हटलं.” 

चार-सहा दिवसांनी कळंबा तलावाच्या बांधावर आम्ही दोघेच बसलो होतो. मी इतके दिवस दाबून ठेवलेलं बाहेर पडलं. म्हटलं, साहेब, बेरजेतल्या एका चुकीसाठी तुम्ही मला अख्ख्या कार्यालयासमोर सोलून काढलं होतंत. आणि इथे तुमचा जन्म पुसला गेला तर बरं केलंस?

साहेब पाण्याकडे बघत म्हणाले, “आधी चाकू बघितलं. मग त्येचं तोंड बघितलं. त्या दिशी पेरू घेऊन हुबा हुता न्हवं, तसंच तोंड हुतं. मग काय, परत एक ठेवून द्याची व्हय?”

 ते बोलत राहिले. “तुला मासा दावला मी. ड्रायव्हरला दावला. बाजारातल्या भंगारवाल्यास्नी दावला. ह्येला कवा हात लावू दिला न्हाय. त्येला काय ठावं, घासायचं काय आणि ठेवायचं काय. मी जन्मभर लोकास्नी चकचकीत देऊन जुनं काढून घेतलं. घरात तेच बघत वाढलं पोरगं.” मग म्हणाले, “माझं चुकलं. पर वंगाळ वाटतं ते त्या मासेवाल्याचं. त्येचं आता कायबी ऱ्हायलं न्हाय.” उठताना त्यांनी माझा दंड आवळून बजावलं की यातलं अक्षर प्रकाशच्या कानावर गेलं तर याद राख. प्रकाश टाइल्सच्या कॅटलॉगपलीकडे काही वाचत नाही, हे मला माहीत आहे, म्हणूनच हे लिहायला धजलो.

पुढे जे झालं ते बघणं जास्त जड गेलं. प्रकाशला चाकूंचा नाद लागला. ज्याला आयुष्यभर भंगार म्हटलं त्याच्यासमोर तो आता येणाऱ्याजाणाऱ्याला उभं करायचा. हा पेशवाईतला, हा कुठल्या सरदाराचा, असं मनाला येईल ते सांगायचा. ऑनलाइन नवे चाकू मागवून मखमलीवर लावायचा, मुठीवर वाघाचं तोंड असलेले, रंगीत दगड बसवलेले. प्रत्येक वेळी साहेबांना विचारायचा, आणि साहेब मान हलवायचे. बापलेक रोज संध्याकाळी त्या कपाटासमोर बसून बोलत. वहिनींनी हे बघायला हवं होतं, असं माझी बायको म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला मात्र साहेबांनी साफ नकार दिला. महिना झाला, दोन झाले. प्रकाशने डॉक्टरांची वेळ घेतली की यांच्या पोटात दुखायचं. शेवटी त्याने मला गाठलं. “काका, तुमच्या सांगण्यावरनं पहिलं केलं त्यांनी. तुम्हीच सांगा की परत.”

मी दुपारचा गेलो. पुढच्याच आठवड्यात साहेब गेले, त्यामुळे ही आमची शेवटची भेट. सुनेने दार उघडलं आणि म्हणाली, हॉलमध्येच आहेत, हल्ली दुपारभर तिथंच बसतात. साहेब कपाटासमोर खुर्ची ओढून बसले होते. दिवे लावलेले होते. पाठ माझ्याकडे आणि हात तोंडावर. मला वाटलं रडताहेत. बाजूने जाऊन बघितलं तर उजव्या तळव्याने त्यांनी उजवा डोळा झाकून धरला होता, ऑपरेशन केलेला, स्वच्छ दिसणारा. आणि मोतीबिंदूच्या डाव्या डोळ्याने ते चाकूंकडे बघत होते.

“बस,” म्हणाले. हात काढला नाही. “ह्या डोळ्याला चकाकी लागत न्हाय. धुरकट दिसतंय समदं, काळं-निळं. पयल्यागत.”

मी बसलो.  मग म्हणाले, “मासा न्हाय दिसत. पर ह्या डोळ्याला त्यो आधीबी दिसत न्हवता. म्हंजे असंल, असं धरून चालायचं.”

“प्रकाशला काय सांगू?” मी विचारलं.

“सांग, म्हातारा भ्याला.”

बाहेर गाडीचा आवाज आला. मी उठलो. पोर्चमध्ये प्रकाश भेटला, हातात कसलंसं पार्सल होतं. “काय म्हणाले?” म्हटलं, घाबरतात. तो मायेने हसला. “एवढी हत्यारं बाळगली जन्मभर, आणि डोळ्याच्या ऑपरेशनला भित्यात. आबापण काय.” आणि तो आत गेला. चपला घालताना मला उघड्या दारातून दिसलं. प्रकाश पार्सल फोडून नवा चाकू मखमलीवर लावत होता आणि “हितं शोभतोय का बघा आबा” असं विचारत होता. साहेबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून ते काचेकडे बघत होते.